बॉरोडेलची डोंगरशर्यत: तयारी कशी करावी आणि वेग कसा राखावा

इंग्लंडच्या वायव्येला लेक डिस्ट्रिक्ट हा तळ्यांचा आणि उघड्या डोंगरांचा प्रदेश आहे. तिथे डोंगराला ‘फेल’ म्हणतात. हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आलेला आहे, आणि आखलेली वाट नसताना एका माथ्यावरून दुसऱ्या माथ्यावर धावत जाण्याच्या शर्यतीला ‘फेल रेस’ असे नाव आहे. या लेखासाठी मी बॉरोडेल खोऱ्यातली, 1974 पासून होणारी शर्यत निवडली आहे, कारण लांब पल्ल्याच्या फेल रेसमधली बहुतेक सगळी आव्हाने तिच्यात एकत्र भेटतात. रॉस्थवेट गावातून निघायचे, बेसीबूट, एस्क हॉज, स्कॅफेल पाइक, स्टायहेड, ग्रेट गेबल, होनिस्टर आणि डेल हेड ही ठिकाणे क्रमाने गाठायची आणि पुन्हा रॉस्थवेटला उतरायचे, असा तिचा मार्ग आहे. अंतर सुमारे 27 किलोमीटर आणि एकूण चढाई सुमारे 2,000 मीटर. दोन ठिकाणांमधला रस्ता ज्याचा त्याने शोधायचा असतो.

आधी गणित मांडावे

27 किलोमीटर हा आकडा पाहून अर्धमॅरेथॉन धावलेल्या माणसाला ही शर्यत आवाक्यातली वाटते. तसे वाटू देऊ नये. 1892 मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने डोंगरातल्या चालीचा एक ठोकताळा दिला: तीन मैलांना एक तास आणि वर दर 2,000 फूट चढाईला आणखी एक तास. याचाच दुसरा अर्थ असा की 100 मीटरची चढाई साधारण 800 मीटर सपाट अंतराएवढी धरावी. त्या हिशेबाने इथली चढाई 16 किलोमीटरची भर घालते आणि शर्यत 43 किलोमीटरांची, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनपेक्षा किंचित मोठी ठरते. त्यात धोंडे, दलदल आणि मांड्या पिळून काढणारे उतार धरलेले नाहीत. बॉरोडेलचेच रहिवासी बिली ब्लँड यांनी 1981 मध्ये ती 2 तास 34 मिनिटे 38 सेकंदांत पूर्ण केली आणि तो विक्रम पुढे कित्येक दशके टिकला. मात्र नवख्याने स्वतःच्या मॅरेथॉनच्या वेळेहून अधिक वेळ गृहीत धरून तयारीला लागावे.

ब्रिटनमधल्या फेल रनर्स असोसिएशनच्या वर्गवारीत ही शर्यत ‘ए’ गटात, म्हणजे दर किलोमीटरला सरासरी 50 मीटर किंवा अधिक चढाई असलेल्या गटात आणि लांब पल्ल्यात येते. अशा शर्यतींना अनेकदा पूर्वानुभव मागितला जातो, तेव्हा आधी दोन-तीन छोट्या फेल रेस धावून घ्याव्यात.

पायांची तयारी

साधारण सोळा आठवडे हाती असावेत. आठवड्यातून एक लांब फेरी डोंगरात, एक चढाचा सराव आणि बाकी सोपे धावणे एवढे पुरते, पण लांब फेरी किलोमीटरांत न मोजता तासांत आणि चढाईच्या मीटरांत मोजावी. पुण्यात राहून तयारी करणाऱ्यांना आतकरवाडीहून सिंहगडाची पायवाट हाताशी आहे. तिथे एका चढाईत साधारण 600 मीटर उंची मिळते, म्हणजे तीन फेऱ्यांत बॉरोडेलची बहुतेक चढाई होते. मला मात्र त्याहून कात्रज ते सिंहगड ही वाट अधिक उपयोगी वाटते, कारण तिथे टेकडी चढून उतरलो की लगेच दुसरी उभी असते आणि पाय थंड होण्याआधी पुन्हा चढाला लागतात. इंग्लंडमधल्या शर्यतीत नेमके हेच होते.

बहुतेकजण चढाचा सराव करतात आणि उताराचा विसरतात, ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, आणि त्यामुळे त्याच्या तंतूंना जी इजा होते तीच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या दुखण्याच्या रूपाने कळते. दिलासा असा की उताराचे एक कष्टाचे सत्र झाले की स्नायू पुढचे काही आठवडे तशाच ताणाला बरेच चांगले तोंड देतात. म्हणून शर्यतीच्या दोन ते तीन आठवडे आधी एक लांब, वेगवान उतार मुद्दाम धावावा आणि त्यानंतर सराव हलका करावा. उतरताना टाच रोवून ब्रेक लावू नये. पावले लहान आणि जलद ठेवावीत, अंग किंचित पुढे असू द्यावे, हात मोकळे पसरावेत आणि नजर तीन-चार पावले पुढे ठेवावी.

ओल, थंडी आणि सामान

स्कॅफेल पाइक हे इंग्लंडमधले सर्वांत उंच शिखर असले तरी त्याची उंची 978 मीटर, म्हणजे 1,646 मीटरच्या कळसूबाईपेक्षा कितीतरी कमी आहे. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाची इथेच फसगत होते. आपल्याकडे श्रावणात भिजत डोंगर चढणे हा आनंद असतो, कारण पाऊस कोमट असतो. रॉस्थवेटच्या जवळच सीथवेट ही इंग्लंडमधली सर्वांत जास्त पावसाची वस्ती आहे, वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस तिथे पडतो, आणि खाली 15 अंश तापमान असताना माथ्यावर ते 9 अंशांच्या आसपास असते. त्यात वारा आणि घामाने भिजलेला शर्ट. धावणारा थांबला, पाय मुरगळला, की काही मिनिटांत अंग कापायला लागते.

म्हणून सक्तीच्या सामानाकडे ओझे म्हणून पाहू नये. शिवणी बंद केलेले जलरोधक जॅकेट आणि पँट, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिटी आणि संकटासाठी राखीव खाणे एवढे पाठीवर असावेच. मदतीसाठी मिनिटाला सहा वेळा शिटी वाजवायची, एक मिनिट थांबायचे आणि पुन्हा वाजवायची, हा संकेत पाठ असावा. जॅकेट थंडी वाजल्यावर चढवायचे नसते, एस्क हॉजच्या आधी, बोटे अजून चेन ओढू शकतात तेव्हाच चढवावे. बुटांच्या तळव्यांना खोल दाते हवेत, कारण शहरी रस्त्याचे बूट ओल्या गवताच्या उतारावर साबणासारखे निसटतात.

नकाशा

धुके आले की एस्क हॉजच्या खिंडीत अनुभवी लोकही चुकीच्या वाटेला लागतात, कारण तिथे अनेक वाटा एकत्र येतात आणि दिशा फिरल्याचे कळत नाही. ग्रेट गेबलच्या माथ्यावरून भलत्या बाजूला उतरलात तर थेट वॉजडेलच्या खोऱ्यात पोहोचाल आणि त्या दिवसाची शर्यत तिथेच संपेल. पाइकवरून स्टायहेडकडे जाताना पीअर्स गिल ही खोल, धोकादायक घळ लागते, तिच्यात उतरण्याचा मोह कधीही करू नये. शक्य असेल तर आदल्या महिन्यात सगळा मार्ग दोन दिवसांत चालून पाहावा आणि प्रत्येक माथ्यावरून बाहेर पडण्याची होकायंत्राची दिशा नकाशाच्या कडेला लिहून ठेवावी. दम लागलेला असताना मेंदू साधी वजाबाकीही धड करत नाही.

खाणे

तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत आणि सुरुवात पहिल्या अर्ध्या तासातच व्हावी. काय खायचे ते सरावात ठरवावे. पहिल्या वर्षी मी शेंगदाण्याची चिक्की नेली होती. स्टायहेडला, जिथे बचावपथकाची स्ट्रेचरची पेटी आहे, तिथे ती काढली तर थंडीने ती दगडासारखी झाली होती, तोंड कोरडे पडले होते, आणि धापा टाकत चावणे अशक्य झाले. आता मी खजूर आणि राजगिऱ्याचे मऊ लाडू नेते. लाडू घरीच अर्धे करून, आवरण काढून, वरच्या खिशात सुटे ठेवते, कारण गारठलेल्या बोटांनी प्लॅस्टिक फाडता येत नाही.

शर्यतीच्या दिवशी वेग

किलोमीटरला किती मिनिटे हा हिशेब इथे सोडून द्यावा. एकाच कष्टाने धावत असता तुमचा वेग धोंड्यांत आणि गवतात तिप्पट बदलतो, त्यामुळे घड्याळाकडे न पाहता श्वासाकडे पाहावे. चढावर चार-पाच शब्दांचे वाक्य बोलता येईल इतकाच जोर लावावा. तीव्र चढावर चालावे, दोन्ही तळहात गुडघ्यांच्या वर टेकून मांडीला हातांचा आधार द्यावा. इथले उत्तम धावपटूही उभ्या चढावर असेच चालतात.

रॉस्थवेटहून बेसीबूटपर्यंत सुमारे 450 मीटरचा चढ नेच्यांच्या रानातून आणि गवतातून जातो, आणि सगळे ताजेतवाने असल्यामुळे गर्दीच्या वेगाने ओढले जाण्याचा धोका इथे सर्वांत मोठा आहे. मी पहिल्या वर्षी इथेच चूक केली. पुढच्या माणसांच्या टाचांना चिकटून माथा गाठला, फार बरे वाटले, आणि चार तासांनी डेल हेडच्या चढावर दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. इथे पन्नास लोक पुढे जाऊ द्यावेत.

पुढे एस्क हॉजपर्यंतची चढउतारांची धार धावण्याजोगी आहे, पण तिथे पाणी, खाणे आणि दिशा यांकडे लक्ष असावे. पाइकचा माथा म्हणजे मोठमोठ्या धोंड्यांचा ढीग, पावसात तो काचेसारखा होतो. इथे दोन मिनिटे गेली तरी चालतील. या माथ्यावर एकूण चढाई जवळपास निम्मी झालेली असते, आणि माझ्या मते शर्यतीचा विचार इथपासून सुरू करावा.

सुट्या दगडांच्या घसाऱ्यावरून उतरून स्टायहेडला आलात की समोर ग्रेट गेबल, 400 मीटर सलग. त्याच्या पायथ्याशी काही खाऊन घ्यावे आणि पावलांची एकच लय धरून, न थांबता, वर जावे. थांबून-थांबून चढण्यापेक्षा हळू सलग चढणे नेहमी लवकर पोहोचवते. होनिस्टरच्या खिंडीत आल्यावर थांबण्याचा मोह होतो. तिथे फार रेंगाळू नये, कारण लगेच कुंपणाच्या कडेने डेल हेडचा जवळपास 400 मीटरचा गवताळ चढ लागतो. सुरुवातीला ज्यांनी पाय राखले ते इथे चालता-चालता अनेकांना मागे टाकतात. खिंडीत वेळमर्यादा चुकली किंवा अंग कापत असेल तर तिथेच थांबावे आणि आपला क्रमांक अधिकाऱ्यांना सांगूनच जावे, कारण न सांगता घरी गेलेल्या धावपटूसाठी बचावपथक रात्रभर डोंगर शोधत राहते.

शेवटचा उतार जुन्या पाटीदगडाच्या खाणींमधून रॉस्थवेटकडे जातो. पायाखालचे सपाट तुकडे सरकतात, घोटे थकलेले असतात आणि खालची घरे दिसू लागल्यामुळे नजर उचलली जाते. नजर पायांपुढेच ठेवावी. गावात पोहोचल्यावर आधी क्रमांक नोंदवून घ्यावा, मग ओले कपडे लगेच बदलावेत आणि गरम चहा घ्यावा.