मुरूम, वीटमाती काढलेली जमीन परत पिकाखाली कशी आणायची, विहिरीचं पाणी राखून

खानापूर, बेळगाव तालुक्यात फिरलात तर असे खड्डे दिसतातच, कुठं वीटभट्टीला माती गेलेली, कुठं मुरूम नेलेला, कुठं चिरे काढून माळ तसाच सोडलेला. ही जमीन परत सुधारता येते, खरं त्याला वेळ द्यावा लागतो आणि क्रम चुकवून चालत नाही.

पहिला पाण्याचं बघा. पाऊस वरच्या मातीतून झिरपतो तेव्हा गाळला जातो आणि आपण नेमकी तीच माती काढलेली असते. खाली जांभा, म्हणजे तांबडा भोकाभोकाचा दगड, असला तर त्याला भोकं आणि फटी भरपूर, वर टाकलेली घाण फारशी न गाळताच विहिरीत उतरते. म्हणून खड्डा भरून देतो म्हणून कोण हॉटेलचा कचरा, पोल्ट्रीची घाण, गॅरेजचं काळं ऑइल नाहीतर बॉयलरची राख फुकट आणून टाकतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा, शेजाऱ्याची विहीरपण त्याच पाण्यावर आहे की. भराव फक्त त्याच खड्ड्यातला दगड-मुरूम किंवा स्वच्छ मातीचा. काम सुरू करायच्या आधी जवळच्या विहिरीचं पाणी लॅबमध्ये तपासून घ्या आणि रिपोर्ट जपून ठेवा, पुढं दरवर्षी पावसाआधी नि पावसानंतर तपासलं की फरक कळतो. पिण्याच्या पाण्याचा पीएच (पाणी आम्ल की खारं ते सांगणारा आकडा) ६.५ ते ८.५ मध्ये, नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत, आणि ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतनं येणारे जंतू, अजिबात नको.

वरच्या अंगाला चर मारून रस्त्याचं, गोठ्याचं पाणी बाहेरनं वळवा. खड्ड्याच्या उभ्या कडा उतरत्या करून घ्या आणि उतारावर आडव्या ओळीत वाळा लावा, त्याची मुळं खोल जातात आणि माती धरून ठेवतात. खड्डा फारच खोल असला तर सगळा भरत बसू नका, एका कोपऱ्यात शेततळं ठेवा, स्वच्छ पाणी मुरेल. त्याला कुंपण मात्र पाहिजेच, पोरं पोहायला उतरतात.

आता तळ. टिपर आणि जेसीबी फिरून फिरून तो एवढा दाबलेला असतो की त्यावर नुसती माती पसरली तर मुळं खाली जात नाहीत, पाणीपण वरच तुंबतं. मार्च-एप्रिलात जमीन कोरडी असताना उताराला आडवं सबसॉयलर नाहीतर रिपर (ट्रॅक्टरला लावून खालचा दाबलेला थर फोडायची अवजारं) दीड-दोन फूट खोल घाला. ओल्यात घातलं तर तळ फुटत नाही, उलट अजून दाबतो.

मग माती. कोळशाच्या उघड्या खाणीत पाळायची पद्धत हीच, वरची माती आधी वेगळी काढून ठेवायची आणि शेवटी परत पसरायची. अमेरिकेत तर १९७७ पासून तसा कायदाच आहे. तुमचं खोदकाम अजून सुरू असेल तर आजच वरची फूटभर माती बाजूला काढा, ढीग उंच करू नका, त्यावर ताग पेरा, आणि होईल तेवढ्या लवकर वापरा कारण ढिगात पडून पडून मातीतले जीव मरतात. खर्चाचा अंदाज हवा असेल तर एका गुंठ्यावर अर्धा फूट थर म्हणजे साधारण साडेपाच ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), एकराला २१८ ब्रासच्या आसपास. आकडा मोठा आहे, म्हणून एकदम सगळं करू नका, दरवर्षी थोडे थोडे गुंठे घ्या. माती नसेल तर दुसऱ्याचं शिवार उघडं पाडून आणू नका, पंचायतीला विचारून तळ्याचा गाळ आणा आणि त्यात शेणखत किंवा कुजवलेला प्रेसमड (साखर कारखान्यात उसाचा रस गाळून उरलेला गाळ) मिसळा. कच्चा प्रेसमड नको, आणि ढीग विहिरीपासून लांबच.

मातीचा आम्लपणा कमी करायला चुना टाकतात, खरं तो मनानं टाकू नका. कोळशाच्या खाणीत गंधकाचे खनिज हवा-पाणी लागून आम्ल सोडतात, तसं आपल्या मुरमात सहसा होत नाही, पण खानापूरकडं जास्त पावसानं माती आम्लच असते, म्हणून आधी मातीचा पीएच बघा. शेती खात्याच्या रयत संपर्क केंद्रात विचारलं की नमुना कुठं द्यायचा ते सांगतात. जांभ्याच्या मातीत लोह जास्त, ते स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतं आणि पिकाला मिळू देत नाही, सुपर फॉस्फेट शेणखतात मुरवून दिलं तर बरं पडतं.

पहिल्या वर्षी भाताचा विचारच नको. मृगाच्या पावसावर हिरवळीच्या खतासाठी ताग किंवा धैंचा दाट पेरा, ४०-४५ दिवसांनी फुलावर यायच्या सुमारास गाडा, मागनं कुळीथ टाका. बांधावर गिरीपुष्प लावलं तर पालापण मिळतो. दुसऱ्या वर्षीपण परत ताग, तिसऱ्या वर्षी नाचणी घेऊन बघा. ती कुठं पिवळी पडते, कुठं पाणी साचतं ते वहीत मांडून ठेवा, आणि तेवढ्याच जागेत पुढच्या उन्हाळ्यात परत रिपर आणि खत घाला.