नवा मका घरात यायच्या आधी

अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले देखावे) रात्रभर बघून सगळं इंदूर दुसऱ्या दिवशी झोपा काढतं, आणि मी त्याच दिवशी सिमरोलच्या बाजूला आमच्या डुकरांच्या फार्मवर गोदामाचं कुलूप काढतो. दसरा ते दिवाळी मंडीत नवा मका उतरतो, त्याच्या आधी पंधरा-वीस दिवस मिळतात, जी काय तयारी व्हायची ती तेवढ्यातच होते, नंतर भाव, गाडी, मजूर यातच माणूस अडकतो. मावसभाऊ देवासला आठ माद्या घेऊन डुकरांचं नवीनच सुरू करतोय, म्हणाला दादा तू खाद्यातल्या बुरशीचं काय काय बघतोस ते लिहून दे, म्हणून हे लिहितोय. क्रम मागेपुढे होईल, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे गोदाम पूर्ण रिकामं करायचं, पूर्ण म्हणजे पूर्ण. तळाची दोन पोती राहू दे वरून नवीन टाकू, हे नाही चालत, चार महिने पावसाची ओल खाल्लेलं पोतं म्हणजे विरजण, नवीन माल त्याच्यावर पडला की लागलंच. मग झाडू, आणि झाडूने न निघणाऱ्या जागा वेगळ्या, चक्कीच्या तोंडाशी, मिक्सरच्या पात्यामागे, फीडरच्या कोपऱ्यात पीठ ओलं होऊन दगडासारखं बसतं, ते खरवडायला आमच्याकडे एक जुना कलथा आहे, बायकोने स्वयंपाकघरातून हद्दपार केलेला. खरवडताना तोंडाला मास्क लावा, ती हिरवी पूड छातीत गेली की दोन दिवस खोकला जात नाही. पावसात छताला जिथे जिथे डाग पडलेत तिथे खडूने खुणा करून ठेवायच्या आणि मिस्त्रीला एकदाच बोलवायचं. भिंतींना चुना. पोती फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीपासून हातभर लांब. आणि पत्र्याचं छत असेल तर लक्षात ठेवा, दिवाळीनंतर माळव्यात दिवसा ऊन आणि रात्री गारठा, पत्र्याला आतून घाम सुटतो आणि पहाटे थेंब थेंब वरच्या थरावर पडतो, पाऊस संपला म्हणून निवांत बसलेल्याचा माल असाच वरून बुरसटतो. वर ताडपत्री टाका पण गच्च बांधू नका, हवा खेळली पाहिजे.

आता हे एवढं का, तर ऐका. तीन वर्षांपूर्वी परतीच्या पावसात मका शेतात उभाच भिजला होता. एका व्यापाऱ्याने मला सांगितलं, भिया थोडा दागी है, सुअर तो सब खा लेता है, आणि क्विंटलमागे दोनशे रुपये कमी लावले. मी खूश, चाळीस क्विंटल उचलला. आठ-दहा दिवसांत तीन-साडेतीन महिन्यांच्या माद्यांची योनी सुजून लाल झाली, सडं फुगली, कामावरचा पोरगा म्हणतो साहेब सगळ्या एकदम माजावर आल्या. एवढ्या लहान पोरी माजावर कशा येतील, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही याची अजून लाज वाटते. मोठ्यांपैकी दोघी तशाच सुजलेल्या, त्यांना मी नराकडे नेलं, एकही गाभण राहिली नाही. चार जणी तर गाभण नसून माजावरच येईनात. एका छोटीचं गुदद्वार बाहेर आलं. शेवटी डॉक्टर आले, त्यांनी जनावराकडे नंतर बघितलं, आधी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची मूठ बाहेर काढली आणि माझ्या तळहातावर ओतली. त्यात गुलाबी झाक असलेले दाणे, टोकाकडून सुरकुतलेले, वजनाला हलके. म्हणाले ही फ्युझेरियम बुरशी, हिच्या विषाचं नाव झिअरालेनोन, ते शरीरात मादीच्या हार्मोनसारखं काम करतं, म्हणून हा खोटा माज. मका बंद केल्यावर दोनेक आठवड्यांत सूज उतरली. वाचवले आठ हजार, गेली सहा माद्यांची एकेक वीण. हिशोब तुम्हीच करा.

तेव्हापासून लक्षणांचा कागद गोदामाच्या दारावर आतून चिकटवलाय, माल येण्याआधी तो नवीन लिहायचा हेही तयारीत धरा. खोटा माज दिसला की झिअरालेनोन. गव्हाणीत दाणा तसाच पडून, जनावर तोंड लावून मागे सरतंय, एखादं ओकतंय, तर व्होमिटॉक्सिन, ज्याला डॉन (DON) पण म्हणतात, पूर्ण खाद्यात एक पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) वर गेलं की डुक्कर खाणं कमी करायला लागतं, आणि आपण समजतो नखरे करतंय किंवा ताप असेल. खाणं बरं पण वजन धरत नाही, केस राठ, लस देऊनही सारखी आजारी, डोळ्याच्या पांढऱ्यात पिवळेपणा, तर अफ्लाटॉक्सिन, ते लिव्हरवर जातं आणि प्रतिकारशक्ती खाली आणतं, व्यायलेल्या मादीच्या दुधातूनही पिल्लांपर्यंत पोचतं. पाणी खूप पितंय, मुततंय खूप, तर किडनी, ओक्राटॉक्सिन. आणि अचानक धाप लागून चांगली जनावरं पटापट मरायला लागली, छाती फाडली तर फुफ्फुसात पाणी, तर फ्युमोनिसिन, हे पण मक्यातूनच येतं. अर्थात यातली बरीच लक्षणं दुसऱ्या रोगांतही दिसतात, म्हणून कागद बघून स्वतःच डॉक्टर व्हायचं नाही, कागद फक्त एवढ्यासाठी की डॉक्टरांना फोन करताना खाद्याचं नाव तोंडात यावं.

लोक म्हणतात बुरशीने काय होतंय, आमचे आजोबा खायचे. १९७४ च्या शेवटी आपल्या रतलामच्या पलीकडे बांसवाडा आणि गुजरातचा पंचमहाल, तिथे अवकाळी पावसात भिजलेला मका आदिवासी घरांत खाल्ला गेला, कावीळ झाली, पोटात पाणी झालं, शंभराहून जास्त माणसं गेली, त्याच घरांतली कुत्रीही मेली. अफ्लाटॉक्सिन. इथून फार लांब नाही ते.

खरेदीला जाताना खिशात काय असावं, तर परखी (पोत्यात खुपसून दाणा काढायची पोकळ सळई), एक काचेची कोरडी बाटली आणि तव्यावर तापवून गार केलेलं मीठ. बाटलीत तिसरा हिस्सा मका, त्यावर दोन-तीन चमचे मीठ, झाकण लावून मिनिटभर हलवायची आणि १५ मिनिटं ठेवायची. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर, तो माल घ्यायचा नाही किंवा आधी वाळवायचा, साठवायला १३ टक्के किंवा खाली पाहिजे. मॉइश्चर मीटर असेल तर उत्तमच, पण मीटर व्यापाऱ्याचा असेल तर बाटली काढाच, त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. परखी वरच्या दोन पोत्यांत घालून समाधान मानू नका, विष सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, एका कोपऱ्यात गोळा झालेलं असतं, म्हणून खालच्या, मधल्या, कडेच्या पोत्यांतून थोडं थोडं काढायचं. तुटलेले दाणे आणि भुसा जास्त असेल तर भाव पाडून घेण्यात अर्थ नाही, विष जास्त करून त्यातच असतं, म्हणून आम्ही घरी आणल्यावर चाळणी मारतो आणि चाळण फेकतो. फेकतो म्हणजे खड्ड्यात पुरतो. पहिल्या वर्षी मी ती शेजारच्या म्हशीवाल्याला दिली होती, गाई-म्हशीचं पोट काही विषं तोडतं हे खरं, पण अफ्लाटॉक्सिन दुधात उतरतं, आपल्याकडे दुधात त्याची मर्यादा ०.५ पीपीबी (पीपीबी म्हणजे अब्जात एक भाग) आहे, आणि चहा आपणच पितो त्या दुधाचा.

पेंडीचंही हेच, शेंगदाणा पेंड तर जास्तच. अफ्लाटॉक्सिन सापडलंच मुळी शेंगदाणा पेंडीत, १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले तेव्हा. आम्ही आता सोया डीओसीवरच (तेल काढलेली सोयाबीन पेंड) आहोत, माळव्यात मिळतेही सहज.

लॅबचा नंबर आधीच शोधून ठेवा, महूचं व्हेटर्नरी कॉलेज जवळ आहे, तिथल्या लोकांना विचारा कुठे काय तपासून मिळतं. नमुना कसा करायचा, तर सगळ्या पोत्यांतलं थोडं थोडं एका चादरीवर ओतून मिसळायचं, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, बाकी बाजूला, परत मिसळायचं, असं करत किलोभर उरवायचं. कागदी पिशवीत भरायचं, प्लॅस्टिकमध्ये नाही, रस्त्यात घाम सुटून नमुन्यालाच बुरशी येते. रिपोर्टमध्ये पीपीबी असा आकडा येतो, २० पीपीबी म्हणजे टनामागे २० मिलिग्रॅम, मिठाच्या चिमटीपेक्षाही कितीतरी कमी. अमेरिकेत एफडीएने (तिथलं अन्न-औषध खातं) अफ्लाटॉक्सिनची रेघ लहान जनावरांसाठी २०, पैदाशीच्या डुकरांसाठी १००, आणि मोठ्या विक्रीच्या डुकरांसाठी २०० पीपीबीवर ओढलीय. याचा सरळ उपयोग असा की लॉट बरा-वाईट असेल तर सगळ्यात चांगला मका पिल्लांना आणि गाभण माद्यांना, मधला विक्रीच्या नरांना.

टॉक्सिन बाइंडर (खाद्यात मिसळायची, विष धरून ठेवणारी पावडर) घेऊन ठेवा पण त्याच्या भरवशावर डागी माल घेऊ नका, बेंटोनाइटसारखी माती अफ्लाटॉक्सिन चांगलं धरते, व्होमिटॉक्सिन आणि झिअरालेनोनला तिचा फारसा उपयोग नाही, आणि विकणारा हे स्वतःहून सांगत नाही.

मावसभाऊ बेकरीचे जुने ब्रेड आणि फरसाणाचा चुरा आणणार म्हणतोय, तर त्याच्यासाठी वेगळं. हॉटेलचं उरलंसुरलं उकळूनच द्यायचं, आफ्रिकन स्वाइन फीवर २०२० पासून देशात आहे आणि उकळण्याने तो व्हायरस मरतो, बरोबर. पण बुरशी आलेला ब्रेड उकळलास तर बुरशी मरेल, विष तसंच राहील, १०० डिग्रीच्या पाण्यात त्याचं काही बिघडत नाही. तेव्हा हिरवा डाग दिसला की ती पिशवी परत, डाग कापून बाकीचा द्यायचा नाही.

शेवटचं, प्रत्येक लॉटचा अर्धा किलो मका तारीख टाकून कागदी पिशवीत डब्यात, आणि वहीत कुठल्या तारखेपासून कुठला लॉट चालू केला. दोन पोत्यांचा चांगला मका नेहमी बाजूला, काही बिघडलंच तर त्याच दिवशी खाद्य बदलता आलं पाहिजे, मंडी उघडायची वाट बघत बसायची वेळ नको. आमच्याकडे वही बायको लिहिते, माझं अक्षर मलाच लागत नाही. यंदा चुना झाला, फळ्या झाल्या, मिस्त्री अजून उद्या येतो म्हणतोय, आज त्याचा चौथा उद्या आहे.