कॅम्पसवर मेल रखडतोय? आउटलूक-थंडरबर्डवाल्यांनी या चुका टाळा

"मेल एकदम स्लो झालाय रे, जरा येऊन बघ" असा आउटलूक किंवा थंडरबर्ड हे मेलचे प्रोग्रॅम वापरणाऱ्या कोणाचा फोन आला की मी आता पहिल्यांदा एकच विचारतो, सर, स्लो म्हणजे नेमकं काय होतंय? कारण रायबंदरच्या धक्क्यावर रांगेत उभं राहून चोडणला पोचायला तास लागला म्हणून माणूस फेरीबोटीला शिव्या घालतो, पण बोट नदी ओलांडते ती थोड्याच मिनिटांत, बाकी सगळा वेळ धक्क्यावरच गेलेला असतो. मेलचं तंतोतंत तसंच आहे.

मी गोव्यातल्या एका विद्यापीठात लॅबचे आणि स्टाफचे कॉम्प्युटर बघतो (कुठल्या ते सोडा), आणि इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त दिसलेली चूक हीच, की लोक दोन वेगवेगळ्या दुखण्यांना एकच औषध देतात. एक दुखणं म्हणजे क्लिक केल्यावर वीस-तीस सेकंद काहीच होत नाही आणि मग एकदम धडाधड मेल येतात. दुसरं म्हणजे लगेच सुरू होतं पण गोगलगायीसारखं सरकतं. पहिल्यात तुम्ही धक्क्यावर अडकलाय, म्हणजे सर्व्हरचं नाव शोधणं, कनेक्शन लागणं, लॉगिन होणं यातलं काहीतरी थांबलंय. दुसऱ्यात सामान जास्त झालंय किंवा नेटच बारीक आहे. आता पहिलं दुखणं असताना बसून पाच हजार जुने मेल डिलीट केले तर काय होणार, काहीच नाही, दुपार गेली फक्त.

म्हणून आधी मोबाइलचं घड्याळ लावा आणि सेकंद मोजा, तीन-चार वेळा. प्रत्येक वेळी बरोबर तेवढेच सेकंद लागत असतील तर तो टाइमआउट आहे, कोणीतरी कोणाच्या तरी उत्तराची वाट बघून कंटाळून पुढे जातंय. नेट स्लो असतं तर आकडा वर-खाली झाला असता. मग तोच लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडून बघा. तिथे झटकन चाललं तर मेलबॉक्स ठीक आहे, गडबड कॅम्पसच्या नेटवर्कात किंवा तुमच्या लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये. तिथेही रखडलं तर प्रोग्रॅम किंवा मेलबॉक्स बघायचा.

डीएनएस हाताने बदलून ठेवणं

ही माझी लाडकी चूक. डीएनएस म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा. चवथीच्या सुट्टीनंतर एक मॅडम लॅपटॉप घेऊन आल्या, म्हणे घरी म्हापशाला एकदम फास्ट, इथे आल्यावर थंडरबर्ड उघडायला घेतलं की चहा पिऊन यावं. बघतो तर सुट्टीत भाच्याने लॅपटॉप "फास्ट करून" दिलेला, डीएनएस मध्ये गूगलचा ८.८.८.८ टाकून. घरी काही प्रॉब्लेम नाही. पण बऱ्याच कॅम्पसवर फायरवॉल (नेटवर्कच्या दारावरचा राखणदार) बाहेरच्या डीएनएसला जाऊच देत नाही, आणि नाही म्हणून सांगतही नाही, विचारलेलं नुसतं गिळून टाकते. मग लॅपटॉप बिचारा उत्तराची वाट बघत बसतो. लिनक्सवर तर ठरलेलंच आहे, पहिला डीएनएस सर्व्हर गप्प बसला तर डीफॉल्ट ५ सेकंद थांबून मग दुसऱ्याला विचारायचं, आणि मेल घेताना एकच नाव शोधावं लागतं असं थोडंच आहे, मेल घेण्याचा सर्व्हर वेगळा, पाठवण्याचा वेगळा, कॅलेंडरचा अजून वेगळा.

मॅडमचा प्रश्न मात्र बरोबर होता, की मग ब्राउजर कसा मस्त चालतो? तर तिथे ब्राउजर प्रॉक्सी नावाच्या मधल्या सर्व्हरमधून जात होता, आणि प्रॉक्सी असली की साइटचं नाव शोधायचं काम प्रॉक्सी करते, तुमचा लॅपटॉप नाही. मेलचा प्रोग्रॅम सरळ जातो म्हणून तोच आपटतो. "गूगल उघडतंय म्हणजे नेट ठीक आहे" हे वाक्य म्हणून मी ऐकून सोडून देतो. डीएनएस परत ऑटोमॅटिकवर टाकला, दोन मिनिटांचं काम.

याचाच चुलतभाऊ म्हणजे आयपीव्ही६. वायफाय तुम्हाला नवीन पद्धतीचा पत्ता देतो पण पुढचा रस्ताच नसतो. आजकालचे ब्राउजर दोन्ही रस्ते जवळजवळ एकदम चाचपून बघतात आणि जो आधी लागेल तो धरतात, पण काही मेल प्रोग्रॅम आधी नव्या रस्त्यावर जाऊन डोकं आपटतात आणि मग जुन्याकडे वळतात. आयपीव्ही६ थोडा वेळ बंद करून सेकंद मोजा, फरक पडला तर नेटवर्कवाल्यांना कळवा. कायमचं बंद ठेवून विसरून जाऊ नका.

आणि एका बिल्डिंगमधल्या सगळ्यांनाच सारखे सेकंद लागत असतील तर तुमच्या लॅपटॉपला हात लावू नका. मेल सर्व्हर कॅम्पसचाच असेल तर तो कधी कधी उलटी चौकशी करतो, की हा १०.काहीतरी पत्ता कोणाचा, आणि त्याची नोंद डीएनएसमध्ये नसली तर तोच थांबून राहतो. काही जुने सर्व्हर अजून पोर्ट ११३ वर (पोर्ट म्हणजे मशीनचं नंबर घातलेलं दार) "बाबा तू कोण" असं विचारायला येतात, तिथे फायरवॉलने दार लावलेलं. हे फक्त अ‍ॅडमिनच दुरुस्त करू शकतो, आपण नाही.

सगळीकडे लॉगिन करून ठेवणं

थंडरबर्ड एका आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) अकाउंटला डीफॉल्ट ५ पर्यंत कनेक्शन उघडून ठेवतो. ऑफिसचा पीसी ५, लॅपटॉप ५, मग फोन, टॅब्लेट, आणि लॅबमधल्या एका मशीनवर गेल्या वर्षी केलेलं सेटअप जे कोणाला आठवत नाही. आता डव्हकॉट नावाचा मेल सर्व्हर बऱ्याच ठिकाणी असतो, तो एका युजरला एका आयपीवरून (नेटवरच्या एका पत्त्यावरून) डीफॉल्ट १० च कनेक्शन देतो, आणि कॅम्पसवरून बाहेर जाताना अख्ख्या डिपार्टमेंटचा आयपी बहुतेक एकच दिसतो. ५ आणि ५ दहा झाले, फोन बाहेर. जीमेलवर ही मर्यादा एका अकाउंटला १५. मग कधी येतो कधी येत नाही असा लपंडाव सुरू होतो आणि लोक पासवर्ड बदलत बसतात. अकाउंटच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ५ चा आकडा २ करा आणि जुन्या मशीनवरून अकाउंट काढा.

याच्यात अजून एक गंमत. मेल आला की लगेच कळावं म्हणून प्रोग्रॅम सर्व्हरशी लाइन चालू ठेवून गप्प बसतो, आणि नियमाप्रमाणे निदान २९ मिनिटांनी एकदा हालचाल करतो. पण कॅम्पसची फायरवॉल इतका वेळ गप्प बसलेली लाइन कधी कधी आधीच कापून टाकते, दोन्हीकडे न सांगता. तुम्ही जेवून येता, मेलवर क्लिक करता, प्रोग्रॅमला वाटतं लाइन चालू आहे, आणि तो मेलेल्या लाइनवर बोलत राहतो. जेवणानंतरच रखडत असेल तर हेच. लगेच कळवण्याचा पर्याय बंद करा आणि दर १० मिनिटांनी चेक करायला लावा. दर मिनिटाला नको, तुम्ही काय अँब्युलन्सच्या कंट्रोल रूमवर बसलाय का.

सकाळी सकाळी काहीच येत नसेल तर आधी ब्राउजर उघडा, वायफायचं लॉगिन पान भरलेलं नसतं बऱ्याचदा. मेल प्रोग्रॅमला ते पान दाखवता येत नाही, तो नुसता फिरत राहतो.

पॉप आणि मोठं सामान

जुने प्रोफेसर अजून पॉप३ वर (मेल कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची जुनी पद्धत) आहेत, वर "कॉपी सर्व्हरवर ठेवा" ला टिक. म्हणजे दर वेळी प्रोग्रॅम सर्व्हरवरच्या सगळ्या मेलची यादी मागून यातले नवे कुठले ते शोधणार. शिवाय पॉपमध्ये एकाने मेलबॉक्स उघडला की तो लॉक होतो, घरचा पीसी त्याच वेळी मेल घेत असला की ऑफिसात एरर. आयमॅपवर या, पोर्ट ९९३, पाठवायला ४६५ किंवा ५८७. पाठवायला २५ टाकून बसलेले पण आहेत, तो बहुतेक ठिकाणी बंदच असतो.

नवीन लॅपटॉपवर पहिल्याच दिवशी दहा वर्षांचा मेल उतरवायला गेलात तर जीमेलची आयमॅपला दिवसाची साधारण २५०० एमबीची मर्यादा लागते, आणि "ऑल मेल" फोल्डर चालू असेल तर तेच मेल दोनदा उतरतात. तो वेबवरच्या लेबल सेटिंगमधून आयमॅपसाठी लपवून टाका. थंडरबर्डमध्ये डिलीट केलेले मेल फाइलमधून खरे जातात ते फोल्डर कॉम्पॅक्ट केल्यावर, तोवर नुसते दिसेनासे होतात. आणि अटॅचमेंट मेलमध्ये जाताना जवळजवळ एक तृतीयांश फुगते, १९ एमबीचा स्कॅन मेलच्या २५ एमबीच्या मर्यादेला जाऊन भिडतो. प्रश्नपत्रिकेचे रंगीत स्कॅन पाठवणाऱ्यांनो, ब्लॅक अँड व्हाइट नावाचं बटन आहे तिथे.

पासवर्ड बरोबर असूनही परत परत विचारत असेल तर तो स्पीडचा प्रॉब्लेमच नाही. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून नुसत्या पासवर्डचं जुनं लॉगिन टप्प्याटप्प्याने बंद केलं, गूगलनेही केलं. अकाउंटच्या सेटिंगमध्ये ओऑथ२ (ब्राउजरसारख्या पानातून लॉगिन करायची नवी पद्धत) निवडा, प्रोग्रॅम फार जुना असेल तर नवीन टाका.

एवढं करून जमलं नाही तर आयटीवाल्यांना "मेल चालत नाही, अर्जंट" असं लिहू नका. कुठली बिल्डिंग, वायर का वायफाय, किती सेकंद आणि दर वेळी तेवढेच का, हॉटस्पॉटवर किती, शेजारच्या टेबलावर किती, आणि किती वाजता बघितलं. वेळ नक्की लिहा, लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) शोधायला त्यांना तीच लागते.