‘फक्त क्रोममध्येच उघडा’ म्हणणाऱ्या साइटचं काय करायचं

कळव्यात खारेगावला घरूनच मी दुकानदारांचे हिशेब बघते, जीएसटीची रिटर्न भरते. ब्राउझर फायरफॉक्स. त्यामुळे ‘तुमचा ब्राउझर चालणार नाही’ ही पाटी रोजच्या ओळखीची. बिल्डिंगमध्ये कुणाकडे ब्रेव्ह, कुणाकडे मुलाने टाकून दिलेला विवाल्डी. अडलं की फोन मलाच. ‘क्रोम टाक’ हे उत्तर मी सगळ्यात शेवटी देते, कारण बऱ्याचदा दोष ब्राउझरचा नसतोच.

पहिला संशय जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनवर (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरवर) घ्या. समोरच्या काकूंचा एक फॉर्म अडला होता. जिल्हा ‘ठाणे’ निवडला की खाली तालुके यायला हवेत, तर यादी रिकामी आणि ‘पुढे जा’ बटण राखाडी. साइटवर सूचना एकच, ब्राउझर बदला. एफ-१२ दाबून कन्सोल, म्हणजे पानातल्या चुका दाखवणारी खिडकी, उघडला. एक लाल ओळ होती, त्यात एका फाइलच्या नावापुढे ‘ब्लॉक्ड’. ब्लॉकर तेवढ्या साइटपुरता बंद केला, पान पुन्हा लोड केलं, आणि अंबरनाथपासून शहापूरपर्यंत सातही तालुके हजर. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत ढाल असते, ब्रेव्हमध्ये सिंह. त्यावर क्लिक करून त्या एका साइटपुरतं संरक्षण काढता येतं. काम झालं की परत लावायचं, हे काकूंना दर वेळी सांगावं लागतं.

ब्लॉकर नक्की कुठला ते कळत नसेल तर तेच पान प्रायव्हेट विंडोत उघडून बघा. तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात आणि जुन्या कुकीज नसतात. तिथे चाललं तर घोळ या दोन्हींपैकी एकाचा. पैसे भरताना बँकेचं पान आलंच नाही, तर पॉप-अप अडवल्याची सूचना वर कुठेतरी आलेली असते. ती आधी शोधा.

दुसरी शक्यता अशी की साइट नुसतं नाव बघून हाकलते. प्रत्येक ब्राउझर साइटला आपली ओळख पाठवतो, तिला यूजर एजंट म्हणतात. या ओळखीत सगळेच थोडं खोटं बोलतात. क्रोमसुद्धा स्वतःला मोझिला आणि सफारी म्हणवतो. विवाल्डीने तर अशा हाकलण्याला कंटाळून डिसेंबर २०१९ मध्ये बहुतेक साइटसाठी आपलं नावच ओळखीतून काढून टाकलं. फायरफॉक्सवर यूजर एजंट स्विचर जातीचं एक्स्टेन्शन टाकून ‘क्रोम’ अशी ओळख द्या. पाटी गेली आणि सगळं चाललं, तर साइटवाल्याने फायरफॉक्सवर तपासलंच नव्हतं. मात्र पैसे भरायच्या पानावर हा खेळ मी करत नाही. साइटला खरोखरच काही कमी पडत असेल तर पैसे कापले जाऊन पावती न येण्याची भीती.

डिजिटल सहीचा प्रकार वेगळा. टोकनचं (सही ज्यात असते त्या यूएसबी काडीचं) सॉफ्टवेअर तुमच्याच कॉम्प्युटरवर एक पत्ता उघडून ब्राउझरशी बोलतं. फायरफॉक्स सर्टिफिकेटांची (पत्ता खरा असल्याच्या दाखल्यांची) यादी स्वतःची ठेवतो. २०२३ पासून तो विंडोजमध्ये टाकलेली सर्टिफिकेटंही आपणहून मानतो, पण आवृत्ती जुनी असेल किंवा ती सोय बंद असेल तर विंडोजला मान्य असलेलं सर्टिफिकेट त्याला परकं वाटू शकतं. मग ‘साइनर (सही करणारं सॉफ्टवेअर) सुरू नाही’ असं दिसतं, ते खाली चालू असलं तरी. त्या सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकात दिलेला पत्ता वेगळ्या टॅबमध्ये उघडा, इशारा येईल, तो एकदा स्वीकारा. हे फक्त त्या स्वतःच्या कॉम्प्युटरच्या पत्त्यासाठी. बाहेरच्या साइटवर असा इशारा आला तर सरळ मागे फिरा.

एवढं करूनही अडलं तर दुसरा ब्राउझर, पण तो निवडताना डोकं वापरा. ब्रेव्ह, विवाल्डी, २०१३ पासूनचा ऑपेरा आणि २०२० पासूनचा एज, सगळे आतून क्रोमियमच, म्हणजे क्रोम ज्यावर उभा आहे तोच सांगाडा. ब्रेव्हमध्ये अडलेलं विवाल्डीत उघडून फारसं काही कळत नाही. आपल्याकडच्या आयफोनवर तर क्रोमही आतून सफारीच्याच वेबकिट इंजिनवर चालतो. विंडोजवर एज आयताच असतो, मी तोच अशा कामापुरता ठेवलाय. एखादी जुनी साइट अजून इंटरनेट एक्सप्लोरर मागत असेल (तो १५ जून २०२२ ला निवृत्त झाला), तर एजमधला आयई मोड आहे.

तक्रार मात्र करा. फायरफॉक्सच्या मेनूत मोडकी साइट कळवायची सोय आहे, आणि साइटवाल्यांच्या हेल्पडेस्कलाही लिहा. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलं तर ‘कॅशे साफ करा’ हेच उत्तर येतं. ब्राउझरचं नाव आणि आवृत्ती, विंडोज कुठलं, कुठल्या बटणावर अडलं, आणि कन्सोलमधली ती लाल ओळ जशीच्या तशी द्या. स्क्रीनशॉट जोडायच्या आधी त्यातला पॅन, खातेक्रमांक आणि मोबाइल नंबर झाकून टाका.