जुन्या वास्तूची आणि तिच्या बागेची देखभाल करताना या चुका टाळा

मुंबईत एखादी जुनी वास्तू नव्या विश्वस्तांच्या हाती येते तेव्हा थोडा निधी, भरपूर उत्साह आणि एखाद्या समारंभाची ठरलेली तारीख अशा तिन्ही गोष्टी बहुधा एकत्रच येतात. निधी कमी पडल्यामुळे जितके नुकसान होते त्याहून अधिक नुकसान मी त्या तारखेमुळे झालेले पाहिले आहे. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या जीर्णोद्धाराला 2005 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, तरी 1872 ची ही वास्तू लोकांसाठी पुन्हा उघडली ती 2008 मध्ये. एवढा धीर प्रत्येक विश्वस्त मंडळाकडे असावा अशी माझी अपेक्षा नाही, परंतु मे महिन्यात काम सुरू करून पहिल्या पावसाआधी ते उरकण्याची घाई तरी कोणी करू नये.

चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. गिरगाव, गावदेवी, भायखळा, वांद्रे या भागांतील एकोणिसाव्या शतकातील घरांच्या भिंती बहुधा दगडविटांच्या असतात आणि त्यांची जोडणी व गिलावा चुन्यात केलेला असतो. चुना सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात अशी भिंत ओलावा घेते आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत तो बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा थर आला की बाहेर पडण्याची ही वाट बंद होते, पाणी आतल्या आत वर चढत राहते आणि त्याच्याबरोबर आलेले क्षार गिलाव्याच्या मागे साचून विटांचा पृष्ठभाग भुसभुशीत करतात. त्यालाच आपण लोणा लागणे म्हणतो.

दक्षिण मुंबईतील एका दुमजली बंगल्यात काय घडले ते सांगतो. तेथे शतकमहोत्सव जवळ आला होता आणि तळमजल्याच्या भिंतींना कमरेच्या उंचीपर्यंत लोणा लागला होता. कंत्राटदाराने उन्हाळ्यात जुना गिलावा खरवडून आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, त्यात जलरोधक द्रव्य मिसळले आणि वर चकचकीत प्लास्टिक रंग दिला. समारंभ थाटात पार पडला व पहिल्या पावसाळ्यात भिंती कोरड्या दिसल्याने सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढच्या पावसाळ्यात ओल सिमेंटच्या पट्ट्याच्या वर, थेट तसबिरींच्या मागे उमटली. त्यावर कंत्राटदाराने पट्टा आणखी उंच नेण्याचा सल्ला दिला आणि मंडळाने तो मान्यही केला. दरम्यान बाहेरच्या सिमेंटला केसांएवढ्या बारीक भेगा पडल्या होत्या. पश्चिमेकडून झोडपणारा पाऊस त्यांतून आत शिरत होता, पण त्याला बाहेर पडायला वाव नव्हता. काही वर्षांनी वरच्या मजल्याची जमीन गॅलरीच्या बाजूला खचल्यासारखी वाटू लागली. सुताराने फळी उचलून पाहिले तेव्हा भिंतीत बसवलेल्या सागवानी तुळईचे टोक पार कुजून गेले होते आणि बोट लावताच त्याचा भुगा होत होता, मात्र खोलीतून दिसणारा तिचा भाग रंगवलेला आणि ठणठणीत होता. अस्सल बर्मा टीक असल्याने तिला काही होणार नाही असे तेथे सर्वजण धरून चालले होते. परंतु सागवानसुद्धा वर्षानुवर्षे ओल्या भिंतीत कोंडून राहिले की टिकत नाही.

दुरुस्ती मूळ कामापेक्षा कितीतरी महाग पडली. सिमेंट यंत्राने न फोडता छिन्नी-हातोडीने काढावे लागले, भिंत एक संपूर्ण हिवाळा उघडी ठेवावी लागली, तुळईचे कुजलेले टोक कापून तेथे नव्या सागाचा जोड द्यावा लागला आणि त्यानंतरच चुन्याचे काम सुरू करता आले.

चुन्याचे काम नेहमी दिवाळीनंतर सुरू करावे, असा माझा आग्रह असतो. भिजवून मुरवलेला चुना, वाळू आणि विटांची सुरकी म्हणजे भुकटी यांचे मिश्रण पातळ थरांत चढवायचे, दोन थरांमध्ये पुरेसे दिवस जाऊ द्यायचे आणि गिलावा ओल्या गोणपाटाने झाकून ठेवायचा. चुना हवेतील कर्बवायू हळूहळू शोषून घट्ट होतो. मेच्या उन्हात तो भराभर वाळून तडकतो आणि जूनच्या पावसाआधी घट्ट व्हायला त्याला वेळही मिळत नाही. चुना लवकर सुकावा म्हणून त्यात थोडे सिमेंट मिसळू असे म्हणणारा गवंडी भेटला, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा. दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरतानाही हेच लागू होते, कारण दगडापेक्षा कठीण मालाने दरजा भरल्या की शेवटी झिजतो तो दगडच.

बाग घराच्या अंगावर घेणे

वरच्या बंगल्यातील ओल मुळात आली कोठून, याची चौकशी कोणी केली नव्हती. उत्साही स्वयंसेवकांनी भिंतीलगत फुलझाडांचे वाफे केले होते आणि दरवर्षी शेणखत व माती टाकून ते जोत्याच्या वर नेले होते. रोज सकाळी पाइपने दिलेले पाणी थेट भिंतीत जात होते. घर आणि बाग यांची खाती वेगवेगळ्या समित्यांकडे असली की असे हमखास होते. माळ्याला गिलाव्याविषयी कोणी सांगत नाही आणि गवंडी वाफ्याकडे पाहत नाही. माझ्या सवयीप्रमाणे मी भिंतीपासून हातभर जागा मोकळी ठेवायला लावतो आणि जोत्याची वरची कड चारही बाजूंनी दिसली पाहिजे असा हट्ट धरतो. अंगणात बसवलेल्या पेव्हर ब्लॉकचा उतार घराकडे असणे हा त्याच चुकीचा अधिक महागडा प्रकार होय. जूनमधला पहिला जोरदार पाऊस सुरू झाला की छत्री घेऊन वास्तूभोवती एक फेरी मारावी. पाणी कोठे साचते, कोणती पन्हळ भरून वाहते आणि कोणत्या पाइपचे पाणी भिंतीवर उडते हे त्या एका फेरीत जितके स्पष्ट दिसते, तितके कोणत्याही अहवालातून कळत नाही.

भिंतीतील पिंपळाचे किंवा वडाचे रोप वरून कापून टाकणे हे निव्वळ समाधान आहे. त्याची मुळे सांध्यात शिल्लक राहतात, ते पुन्हा फुटते आणि दर खेपेला अधिक जाडजूड होऊन फुटते. बोटाएवढे असतानाच सांधा मोकळा करून ते मुळासकट काढावे आणि पोकळी त्याच दिवशी चुन्याने भरावी. मूळ मनगटाएवढे झाले असेल तर ते ओढू नये, कारण त्याच्याबरोबर दगडही निघतो. अशा वेळी जाणकार बोलावून दगड उतरवून घ्यावेत.

बागेतील जुन्या वृक्षांच्या बुंध्याभोवती पार बांधताना सिमेंट थेट खोडाला भिडवू नये. फांद्या छाटण्यापूर्वी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा. वृक्षतोडीविषयीचा 1975 चा कायदा खासगी आवारालाही लागू आहे आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे. जुन्या बंगल्याच्या आवारातील बहुतेक मोठी झाडे त्यात मोडतात.

छपरावरची ताडपत्री

मंगलोरी कौलांवर निळी ताडपत्री अंथरणे हा एका पावसाळ्यापुरता उपाय असू शकतो, परंतु मुंबईत ती चार-चार वर्षे तशीच राहते आणि तिच्याखाली वासे व रिपा घामेजून कुजतात. दरवर्षी एप्रिलमध्ये शाकारणी करावी, कौलांवर थेट पाय न देता फळी टाकून चालावे आणि फुटलेल्या कौलांच्या जागी त्याच मापाची, खाचा जुळणारी कौले बसवावीत. जुन्या इमारती पाडल्या जातात तेथून चांगली कौले मिळतात, ती विकत घेऊन आवारात रचून ठेवावीत.

घराच्या आत

मिंटन फरशीवर, म्हणजे जुन्या घरांतील नक्षीदार विलायती फरशीवर, ॲसिड ओतू नये. पितळी कड्या घासण्याची पॉलिश दाराच्या लाकडावर पांढरी बसते व नंतर निघत नाही, म्हणून कड्यांभोवती आधी जाड कागद धरावा. तसबिरींच्या काचेवर पाणी फवारू नये, ते चौकटीतून आत झिरपते. पावसाळ्यात धुळीच्या भीतीने सर्व खिडक्या दिवसेंदिवस बंद ठेवणाऱ्या आणि फक्त पाहुण्यांच्या वेळेत वातानुकूलन चालवणाऱ्या वास्तूंत पुस्तकांवर आणि कापडावर हमखास बुरशी चढते. झडपांच्या खिडक्या हवा खेळती ठेवण्यासाठीच केलेल्या आहेत. उघडीप मिळाली की त्या उघडाव्यात, आणि हे काम एका ठरावीक व्यक्तीकडे सोपवावे.

कागदपत्रांचा कंटाळा

विश्वस्तांना हा विषय रुक्ष वाटतो, पण वास्तूच्या दृष्टीने तो गिलाव्याइतकाच महत्त्वाचा आहे. वारसा यादीतील वास्तूला केवळ रंग द्यायचा असला तरी आधी परवानगीची चौकशी करावी, कारण मुंबईच्या 1995 च्या वारसा नियमावलीत दुरुस्तीबरोबर रंगकामाचाही स्पष्ट उल्लेख होता. ट्रस्टची इमारत तीन वर्षांहून अधिक काळासाठी भाड्याने देताना धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. तो राहून गेला तर नव्या मंडळाच्या सहीने कोणतेही काम पुढे सरकणे अवघड होते.

प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवावी, आणि त्या नोंदीत भिंत कोणती, साहित्य कोणते व प्रमाण किती, काम केव्हा झाले आणि कोणी केले हे सर्व यावे. ओल असलेल्या भिंतीचे छायाचित्र दर महिन्याला एकाच जागेवरून, शेजारी मोजपट्टी धरून काढावे. मंडळ बदलते, माळी गावी जातो आणि गवंडी फोन उचलत नाही. अशा वेळी नव्याने आलेल्या स्वयंसेवकाला उत्तरेकडच्या भिंतीत आपल्या आधी कोणी सिमेंट भरले होते का, हे त्या वहीतूनच कळू शकते.