विणायच्या सुया सोडून मशीनवर बसताना: ताण आता बोटात नाही

हाताने विणताना लोकरीचा ताण तर्जनीत असतो आणि सवयीने आपोआप सांभाळला जातो. मशीनवर तो तीन ठिकाणी विभागतो: कॅरेजवरची (सुयांवरून डावी-उजवीकडे सरकवायच्या भागावरची) डायल टाक्याचा आकार ठरवते, वरचा मास्ट (लोकर वरून आणणारा उभा दांडा) लोकर ओढून धरतो आणि खाली टांगलेली वजनं विणलेला भाग खाली खेचतात. काही बिघडलं की आधी या तिघांकडे पाहा.

इथे 200 सुयांचं, दोन सुयांत 4.5 मिमी अंतर असलेलं जपानी पद्धतीचं घरगुती मशीन धरलं आहे. त्यावर फोर प्लायपर्यंतची, म्हणजे बारीक लोकर चालते. घरात उरलेली जाड लोकर घालून बघायचा मोह टाळा, कॅरेज अडकतेच. जाड लोकरीसाठी 6.5 किंवा 9 मिमी अंतराचं मशीन लागतं.

जुनं मशीन असेल तर लोकर लावायच्या आधी सुयांवर दाब देणारी फोमची पट्टी तपासा. एक सुई पुढे ओढा. तिचं टोक वर-खाली डुलत असेल तर फोम चेपला आहे, पट्टी बदला. अशा मशीनवर टाके गळतात आणि शिकणारा स्वतःला दोष देत बसतो. हाताने केलेले घट्ट गुंडेही चालत नाहीत. लोकर वाइंडरवर (गुंडा करायच्या हातयंत्रावर) सैल गुंडाळा, म्हणजे ती आतून अलगद सुटेल.

टाके मोजायचा पहिला नमुना टाकाऊ लोकरीने (नंतर उसवून काढायच्या) सुरू करा. कॅरेज उजवीकडे ठेवा. मधल्या 60 सुया (शून्याच्या डावीकडे 30, उजवीकडे 30) पूर्ण पुढे ओढा. डावीकडून सुरुवात करून प्रत्येक सुईला घड्याळाच्या उलट दिशेने लोकरीचा एक सैल वेढा द्या. घट्ट वेढा सुईच्या जिभेवरून (आकडा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या पातीवरून) सरकत नाही. वेढे जिभेच्या मागे आहेत ना, ते बघा. मग लोकर कॅरेजमध्ये घालून हळू डावीकडे न्या. दोन-तीन ओळी झाल्या की वजनं टांगा आणि दहा ओळी विणा.

आता खरी लोकर लावून, फोर प्लाय असेल तर डायल 7 वर ठेवून, 60 ओळी विणा. तिसाव्या ओळीला दोन्ही बाजूंच्या 21 क्रमांकाच्या सुयांवर रंगीत धागा अडकवा. त्यांच्यामध्ये 40 टाके येतात. शेवटी पुन्हा टाकाऊ लोकरीच्या काही ओळी विणून नमुना काढा. धुऊन, एक रात्र सपाट ठेवूनच मोजा, कारण मशीनवरून उतरलेलं कापड लांबट ताणलेलं असतं. 40 टाके 14 सेंमी भरले तर 10 सेंमीत सुमारे 28.5 टाके. हातविणीच्या नमुन्यातला आकडा इथे वापरू नका.

तुमच्यासमोर नेहमी उलटी बाजू दिसेल. चूक वाटून उसवू नका.

कडेचे टाके गळत असतील तर वजन कडेजवळ नाही. दर 8-10 ओळींनी वजनं वर सरकवा. कडेला लोकरीचे फासे लोंबत असतील तर मास्टची स्प्रिंग ढिली आहे, किंवा कॅरेज कडेपलीकडे फार लांब जाते. शेवटच्या सुईच्या पुढे दोन-तीन सेंमी पुरेत. त्याहून अलीकडे वळवली तर टाके अर्धवट राहतात आणि कॅरेज रुतते. रुतली तर जोर लावू नका, सुया वाकतात. रिलीज बटणाने कॅरेज मोकळी करून उचला, ती ओळ एकेका सुईने पुरी करा.

टाके कमी करताना कडेचे तीन टाके ट्रान्सफर टूलने (टाके एका सुईवरून दुसरीवर न्यायच्या साधनाने) एक सुई आत न्या आणि रिकामी झालेली सुई पूर्ण मागे ढकला. पुढे राहिली तर ती नवा टाका धरते. वाढवताना तेच तीन टाके बाहेर न्या आणि मधल्या रिकाम्या सुईवर शेजारच्या टाक्याचा खालचा फास चढवा, नाहीतर भोक पडतं.

एका बेडच्या (सुयांची एकच रांग असलेल्या) मशीनवर रिबसाठी, म्हणजे सुलट-उलट टाक्यांच्या लवचिक पट्टीसाठी, टाके उसवून लॅच टूलने (जीभ असलेल्या हातातल्या आकड्याने) उलटे चढवावे लागतात. त्यापेक्षा गळ्याचे टाके टाकाऊ लोकरीवर उतरवा, ते हातातल्या सुयांवर घ्या आणि रिब नेहमीसारखी हाताने विणा.