शांत कुत्रं अचानक गुरगुरायला लागलं तर

आमची चिंगी सात वर्षांची, गावठी. साताऱ्यात आमच्या आळीतली पोरं तिच्या अंगावर लोळतात, तरी हूं की चूं नाही. गेल्या ऑक्टोबरात पुतण्यानं तिचे पाय पुसायला घेतले आणि ती घशातून गुरगुरली. "डोक्यावर बसवलीय, एक ठेवून दे," आई म्हणाली. नेमकं तेच करायचं नाही.

आधी हात मागे घ्या. डोळ्याला डोळा न लावता बाजूला व्हा, लहान मुलांना दुसऱ्या खोलीत न्या. गुरगुरणं म्हणजे 'नको' असं सांगणं. मार खाल्ला की कुत्रं सांगायचं बंद करतं, त्रास मात्र तसाच राहतो, आणि मग एक दिवस न गुरगुरता थेट चावतं.

मग नीट आठवा: कुठं हात लावल्यावर गुरगुरलं? झोपेतून उठवलं म्हणून, की ताटाजवळ कोणी गेलं म्हणून? म्हातारं असेल तर कमी दिसतं, कमी ऐकू येतं आणि ते दचकतं.

खरं कारण पुष्कळदा दुखणं असतं. लांबूनच बघा: कान झटकतंय का, खाताना एकाच बाजूनं चावतंय का, जिना चढायला कां-कूं करतंय का. चिंगी दोन दिवस डावा पुढचा पंजा चाटत होती आणि आम्ही ते बघूनही सोडून दिलं होतं. बोटांच्या बेचक्यात लाल फुगवटी, मधोमध सुईच्या टोकाएवढं छिद्र. अजिंक्यताऱ्याच्या पायवाटेवर पावसाळा सरला की गवत वाळतं, तिथलंच कुसळ. त्याला उलटे काटे असतात, म्हणून ते आत आतच सरकतं. डॉक्टरांनी भूल देऊन काढलं.

गोचिडांमुळे ताप येतो, तेव्हाही कुत्रं सुस्त आणि चिडकं होतं, हिरड्या फिकट पडतात. कुत्र्याचं तापमान मुळातच 101 ते 102.5 फॅरेनहाइट असतं, आपल्या मापानं मोजू नका. आणि घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन अजिबात देऊ नका, विषबाधा होते.

आता एक गोष्ट जिथं वेळ घालवायचा नाही. स्वभाव बदलला, त्यात लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, गिळता येत नाही, भुंकण्याचा आवाज बदललाय, तर तोंडात हात घालू नका, त्याला वेगळं कोंडा आणि पशुवैद्यकाला फोन करा. हे रेबीज असू शकतं, त्याची लस दिलेली असली तरी हेच करा. चावा किंवा ओरखडा बसला असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका, आणि त्याच दिवशी इंजेक्शनसाठी सरकारी दवाखाना गाठा.

बाकी वेळी दवाखान्यात जाताना मोबाईलवर लांबून व्हिडिओ काढून न्या. तिथं गेल्यावर कुत्रं घाबरून गप्प होतं आणि डॉक्टरांना काही दिसतच नाही. अवघड केस असेल तर आपल्याच जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

तपासणीत काही निघालं नाही आणि गुरगुर ताटाशीच असेल, तर ताट ओढू नका. जाता-येता लांबूनच चिकनचा तुकडा टाका आणि पुढं चला. रोज टाकलात तर माणूस जवळ येणं त्याला हळूहळू आवडायला लागतं.

पुतण्या आता आधी तळहात पुढं करतो, चिंगी त्यावर नाक टेकवते, मग टॉवेल. बेचक्या तो एकेक करून बघतो.